पडद्यावरची चिमणाबाई

नृसिंह मास्तरांना खुनी पहिल्या रिळातच सापडायचा आणि ह्या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. शाहूपुरीत गूळपेठेच्या मागच्या मोकळ्या जागेत हुसेनशेठनं सिनेमाचा तंबू ठोकला, तेव्हापासून मास्तरांनी रहस्याचा एकही खेळ चुकवला नव्हता. दिवसा ते एका खाजगी शाळेत पोरांच्या डोक्यात त्रैराशिक कोंबत आणि संध्याकाळी तंबूतल्या पुढच्या बाकावर बसून विलायतेतले खून बघत. मग रविवारच्या साप्ताहिकात ‘पडद्यामागचा चोर’ ह्या मथळ्याखाली त्या खेळाची यमकांतून यथेच्छ चिरफाड करत. खाली सही असायची ‘डोळस’. हा डोळस कोण, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

बंद खोलीतल्या खुनाचा एक खेळ आला होता, त्यावर त्यांनी लिहिलं होतं:

*साहेब मेला बंद खोलीत, कडी होती आतून,*
*फौजदारानं शोध घेतला मिशीला पीळ घालून;*
*पलंगाखाली शोधलं त्यानं, शोधलं माडीवरती,*
*खुनी मात्र उभा होता कंदील धरून हाती.*

ह्यावर कोल्हापूर कितीतरी दिवस हसत होतं. महाराजांच्या राज्यात कुस्तीला, गाण्याला, नाटकाला काही तोटा नव्हता, पण हलत्या चित्रांचं वेड नवं होतं, आणि ज्यांना तंबूत जायला जमत नसे ते मास्तरांच्या ओळी पाठ करून खेळ बघितल्याचं समाधान मानत. गूळपेठेतले अडते सौदा होता होता त्या ओळी एकमेकांच्या तोंडावर फेकत. मास्तर जवळून जाताना चाल मंद करत आणि आपल्याला काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करत.

आता विलायती चित्रं मुकी, आणि मधूनमधून येणाऱ्या पाट्या इंग्रजी. म्हणून पडद्याच्या बाजूला ख्वाजा हातात वेताची छडी घेऊन उभा राहायचा आणि चाललेली गोष्ट मोठ्यानं सांगायचा. ख्वाजाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. हुसेनशेठ त्याला आधी दोन शब्दांत कथा समजावून द्यायचे आणि बाकीचं तो आपल्या अंगचं घालायचा. गोऱ्या माणसांची नावं लोकांच्या जिभेवर चढत नसत. म्हणून ख्वाजानं रीतच पाडली होती की पडद्यावरच्या माणसांना पेठेतली नावं द्यायची. ज्याचं नाव पडद्यावर गेलं तो दुसऱ्या दिवशी फेट्याचा तुरा सारखा करत फिरायचा. मात्र दुष्टाला ख्वाजा कधी कुणाचं नाव देत नसे. त्याला तो नुसतं ‘काळा कोटवाला’ म्हणे. इतक्या वर्षांत ह्या बाबतीत त्याची जीभ एकदाही घसरली नव्हती.

घसरली ती अनेक भागांच्या एका खेळात. इन्फ्लुएंझाची साथ सरून वर्ष झालं होतं. ह्या खेळाचा एकेक भाग आठवड्याला मुंबईहून रेल्वेनं यायचा, आणि त्यात काय आहे हे रिळं फिरेपर्यंत खुद्द हुसेनशेठलाही माहीत नसायचं. पहिल्या भागात एक देखणी, हसरी बाई नवऱ्याला चहा ओतून देते, एवढंच होतं. ख्वाजा रोज संध्याकाळी तंबूत शिरण्याआधी स्टेशनच्या रस्त्यावर चिमणाबाईच्या दुकानात चहा प्यायचा. त्यानं आपुलकीनं छडी पडद्याकडे केली आणि ओरडला, “आणि ही बगा आपली चिमणाबाई! च्या करावा तर हिनंच!” तंबूत टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चिमणाबाईनं लाजत लाजत ख्वाजाच्या चहात जास्तीची साय घातली.

पुढच्या भागात तो चहा पिऊन नवरा मेला.

तंबूत एकदम चिडीचूप झालं. कारण खऱ्या चिमणाबाईचा नवरा ज्ञानू साथीच्या मागोमाग असाच गेला होता. संध्याकाळी आपल्याच दुकानात चहा पिऊन उठला, उलट्या सुरू झाल्या आणि उजाडेपर्यंत खेळ आटोपला. तेव्हा सगळ्यांनी पटकी म्हटलं होतं आणि विषय तिथंच मिटला होता.  ख्वाजानं घाईघाईनं “ही दुसरी बाई हाय, दुसरी!” असं काहीतरी सांगून बघितलं, पण पडद्यावर तोच चेहरा, तेच हसू आणि तीच किटली. कोण ऐकणार?

त्या वेळी मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. इतर दहा खेळ होते, त्यांच्यावर लिहिता आलं असतं. पण घरी जाता जाताच पहिली ओळ त्यांच्या डोक्यात आली आणि तिच्यामागून बाकीच्या अशा आल्या की त्यांना राहवेना. आपण लिहितो ते पडद्यावरच्या बाईबद्दल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. रविवारी छापून आलं:

*चिमणाबाईनं चहा केला, आलं घातलं ठेचून,*
*नवऱ्यानं तो प्यायला सारा बशीत ओतून ओतून;*
*पहिल्या घोटाला वा वा झाली, दुसऱ्या घोटाला घाम,*
*तिसऱ्या घोटाला बशी सांडली, नवरा म्हणाला राम.*

बुधवारपर्यंत चिमणाबाईच्या दुकानातली बाकडी रिकामी पडली. येणारे-जाणारे दारातून वाकून बघत आणि पुढे गेल्यावर हसत. कुणी एकानं भट्टीवर दगड मारला. दुकानाच्या जागेचे मालक आण्णा म्हणून होते. ते सज्जन म्हणून प्रसिद्ध होते आणि म्हणूनच ते एकदम काही बोलले नाहीत. दुकानात येऊन, उभ्या उभ्याच म्हणाले, “बाई, मी काय कुणाच्या बोलन्यावर जानारा मानूस न्हवं. शेवटचा भाग यू दे. त्यात काय निगतंय बगू. निरदोष निगालीस तर दुकान तुजं. न्हाय तर जागा मोकळी करायची.”

हे ऐकून मास्तरांना आधी हसू आलं. विलायतेत कधीतरी काढलेल्या चित्रावर शाहूपुरीतल्या विधवेचा निवाडा! मग त्यांनी आजूबाजूला बघितलं तर कुणीच हसत नव्हतं. अडते, हमाल, टांगेवाले, एक-दोन शास्त्रीबुवासुद्धा शेवटच्या भागाची वाट बघत होते आणि तो कोर्टाचा निकाल असल्यासारखी पैज लावत होते. 

मास्तर चिमणाबाईच्या दुकानात गेले. तिशीतली, अंगानं किरकोळ बाई. चूल विझलेली नव्हती, पण आधणाचं भांडं कोरडं होतं. कोपऱ्यातल्या बाकड्यावर तिचा दीर जोतीराम बसला होता. गूळपेठेत काट्यावर गुळाच्या ढेपी तोलायचं काम करणारा, देवीच्या वणांनी चेहरा खडबडीत झालेला, भुवया जुळलेल्या. पुढ्यात कपबशी. त्यानं मास्तरांकडे एकवार बघितलं. तो घोट घेताना तोंड वाकडं करत होता आणि रस्त्याकडे टक लावून बघत होता.

“चिमणाबाई, घाबरू नका,” मास्तर म्हणाले. “अशा खेळांत पहिल्यांदा जिच्यावर संशय येतो ती शेवटी निर्दोषच निघते. मी आजवर एवढे खेळ बघितलेत. माझा शब्द आहे.”

“तुमचा शबुदच तर भोवला, मास्तर,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “शेवटचा भाग कवा येनार?”

मास्तर तिथून निघाले ते जोतीरामाचा चेहरा डोळ्यांपुढे घेऊनच. मेलेल्या भावाचं दुकान, एकटी भावजय, आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेला हा दीर. दुकान हिच्या हातून गेलं तर कुणाच्या घशात जाणार? एवढे खेळ बघितलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागतं का? चिमणाबाईबद्दलची कुजबुज ह्यानंच पेरली असणार, असं त्यांनी रस्ता संपायच्या आत ठरवूनही टाकलं.

शेवटच्या भागाची पेटी शुक्रवारी दुपारी आली. हुसेनशेठनं ह्या वेळी तंबूच्या कनाती पाडून अंधार केला आणि रिळं तपासायला लावली, तेव्हा आत ख्वाजा आणि त्याला पाट्या वाचून दाखवायला मास्तर, असे दोघंच होते. मास्तर इंग्रजी पाट्या वाचत गेले. बाईनंच विष घातलं होतं. तिनं तसं कबूल केलं आणि शिपाई तिला घेऊन गेले. बस्स, एवढंच. ना वळण, ना कोडं. आपला अंदाज चुकला ह्याचं वाईट वाटावं की बाईचं वाटावं, हे त्यांना क्षणभर कळेना. आणि आधी अंदाजाचंच वाटलं.

ख्वाजा छडी टेकून जमिनीवर बसला. “मेली की वो बाई, मास्तर.”

“मेली कशानं? पाट्या वाचता कुणाला येतात? लोक तुझं ऐकणार. तू सांगशील ती गोष्ट.”

ख्वाजानं मान वर केली. “खोटं सांगू?”

“गोष्टच आहे ती. त्यात खरं काय आणि खोटं काय?”

“बरं. मग सांगतो, डाक्टरनं चुकीचं औशद दिलं. चूक झाली, मानूस मेला. कुनाच्या टाळक्यावर बालंट नको.”

मास्तरांनी मान हलवली. इथं खरं म्हणजे ख्वाजाचं ऐकायला हवं होतं. पण मास्तरांमधला डोळस जागा झाला. “डॉक्टर कुठं दाखवलाय आतापर्यंत? लोक काय खुळे आहेत? आठवड्यामागून आठवडे तंबूत बसून त्यांना डॉक्टरची चूक ऐकवलीस तर बाकडी मोडतील, आणि वर म्हणतील ख्वाजा बाईला पाठीशी घालतोय. खुनी घरातलाच पाहिजे. आणि मेलेल्याचा भाऊ आहेच की पडद्यावर. पहिल्या भागापासून दाराशी उभा असतो. तोच सांग.”

“भाऊ म्हंजे चिमणाबाईचा दीर,” ख्वाजा हळूच म्हणाला. “तिला खरा दीर हाय, मास्तर. जोतीराम.”

“तू नाव कशाला घेतोस? नुसतं दीर म्हण.”

ख्वाजानं छडीचं टोक मातीत फिरवलं. “माजं मन घेत न्हाय. एकीला पान्यातनं काडायचं आनि दुसऱ्याला ढकलायचं.”

“आणि तिला रस्त्यावर बसलेली बघायला घेतं तुझं मन?”

ख्वाजा छडी घेऊन उठला. पडद्यावरच्या बाईला नाव त्यानंच दिलं होतं, ही गोष्ट त्याला आत कुरतडत होतीच.

त्या संध्याकाळी तंबूत तिळाइतकी जागा उरली नाही. आण्णा पहिल्या रांगेत येऊन बसले. आणि ख्वाजा असा बोलला की तसा तो पूर्वी कधी बोलला नव्हता. बाईच्या कबुलीची पाटी आली तेव्हा तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “बगा मंडळी, घराची अब्रू जाऊ नये म्हनून माउलीनं दिराचं पाप आपल्या पदरात घेतलं!” बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू आले. शिपाई तिला घेऊन जाताना दाराशी उभा राहिलेला भाऊ पडद्यावर दिसला, आणि सगळ्या तंबूतून त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. कुणीतरी चप्पल फेकली. ती पडद्याला लागून खाली पडली. खेळ सुटल्यावर आण्णा डोळे पुसत बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मला आदीपासनं वाटतच हुतं, बाई सोन्यासारखी हाय.”

मास्तरांना आनंदानं झोप लागेना. एका बाईचं घर वाचवलं! शनिवारी सकाळी ते छापखान्यात जाऊन बसले आणि खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी बसूनच त्यांनी लिहिलं:

*वहिनीनं केला चहा साधा, दीर उभा दाराआड,*
*पुडी सोडून कपामध्ये मिशीत हसला द्वाड;*
*भावाचा गेला जीव आणि वहिनीला लागला बोल,*
*दीर बसला काट्यापाशी करीत मापतोल.*

पडद्यावरच्या भावाचा काट्याशी काही संबंध नव्हता. तो विलायती माणूस होता, त्याच्या हातात छत्री होती. पण ‘बोल’ला ‘तोल’ असा चपखल बसला की मास्तरांना तो खोडवेना. पेन उचललं होतं, नाही असं नाही. मग वाटलं, असू दे. त्या थोबाडाला थोडी दहशत बसलेली बरी.

सोमवारी चिमणाबाईच्या दुकानात बसायला जागा नव्हती. लोक चहा पीत आणि तिच्याकडे कळवळ्यानं बघत. तिला आधी वाटलं, खेळ संपला, माणसांची डोकी ठिकाणावर आली. मग कपबशा उचलताना तिनं त्या ओळी ऐकल्या. हातातलं काम टाकून ती तशीच तंबूकडे धावली, आणि ख्वाजा तिथून धावत मास्तरांच्या शाळेत आला.

“काटा कशाला घातलासा?” तो दारातूनच ओरडला. “मी नाव घेतलं न्हवतं! तुमी तर घराचा पत्ताच छापला की वो!”

मास्तरांनी त्याला बाहेर नेऊन शांत केलं. पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ, म्हणाले. दुरुस्तीही पद्यातच द्यायला हवी, गद्य कोण वाचतो? त्यांनी त्या दिवशी बसून बघितलं. पण निरपराध माणसावर चार ओळी काही केल्या जमेनात. यमकं मिळत होती, पण हसू येईना, आणि ज्यावर हसू येत नाही ते कुणी पाठ करणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रविवार अजून लांब होता, असं म्हणून त्यांनी कागद बाजूला सारला.

गूळपेठेत मात्र रविवारची वाट कुणी बघितली नाही. जोतीराम काट्याशी उभा राहिला की हमाल घसा खाकरत. एका अडत्यानं हसत हसत विचारलं, “जोत्या, आज काय तोलनार, गूळ का पुडी?” दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांनी काटा त्याच्या हातातून काढून घेतला. माल खाण्याचा आहे, लोक नावं ठेवतात, एवढंच ते म्हणाले. जोतीरामानं भांडण केलं नाही. तो मुळातच बोलका नव्हता. गुरुवारी सकाळी कपडे धुवायला गेलेल्या बायकांना तो कोटीतीर्थ तळ्याच्या पाण्यावर तरंगताना दिसला.

पंचनामा झाला, प्रेत ताब्यात मिळालं, आणि ऊन उतरायच्या सुमाराला चिमणाबाई मास्तरांच्या शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते. तीच आधी बोलली.

“खांद्याला मानूस कमी पडतोय. ख्वाजाभाई आल्यात. कोडोलीस्नं आकाराम आनि त्याचा भाऊ, आमचं भावकीतलं, त्ये आल्यात. पेटंतनं कोन बी येईना. भावाला मारनाऱ्याला खांदा कोन देनार, म्हनत्यात.”

“चिमणाबाई, मला वाटलं...” मास्तर म्हणाले. “तो तुमच्या दुकानावर डोळा ठेवून बसतो, असं वाटलं मला. रोज त्या कोपऱ्यात...”

“गिऱ्हाईक न्हवतं म्हनून बसायचा,” ती म्हणाली. “येनाऱ्या-जानाऱ्यानं बगावं, हिच्या च्यानं कोन मरत न्हाय, म्हनून. त्याला च्या सोसायचा न्हाय. पित्त व्हायचं. तरी काट्यावरनं सुटला की यायचा आनि सगळ्यांम्होरं घोट घोट पेत बसायचा. तुमास्नी ठाव न्हवतं, मास्तर. पर तुमी इचारलं बी न्हाईसा.”

एवढं बोलून ती वळली. मास्तरांनी वर्गाकडे बघितलंही नाही. डोक्यावरची पगडी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या मागोमाग चालू लागले.

तिरडी बांधून तयार होती. पुढच्या अंगाला आकाराम आणि त्याचा भाऊ, मागं ख्वाजा आणि मास्तर. ख्वाजानं मास्तरांकडे बघितलं नाही. मास्तरांनी आयुष्यात कधी ओझं उचललं नव्हतं. बांबू खांद्यावर रुतला तेव्हा त्यांना जरा बरंच वाटलं. पंचगंगेचा रस्ता लांबचा होता. वाटेतली दुकानं उघडी होती, पण कुणी उठून उभं राहिलं नाही. एकानं तर फळी आत ओढून घेतली. ओरडून सांगावं, की ह्यानं काही केलेलं नाही, सगळं मी केलं, असं मास्तरांना वाटत होतं. पण आपल्या ओळी ज्यांच्या ओठांवर आहेत त्यांना साधं वाक्य कसं ऐकवावं, हे त्यांना आता समजत नव्हतं.

नदीकडच्या उताराला एक तालीम लागते. आत जोर-बैठका चालल्या होत्या. पोरांनी बैठका मोजायला एक नवी चाल धरली होती, आणि एकाच्या पाठोपाठ सगळे दमदार आवाजात ती म्हणत होते. रस्त्यावरून कोण चाललंय हे त्यांना दिसत नव्हतं, आणि कुणाला काही बोलायचं होतं असंही नाही. मोजायला सोपी, ठेक्याला पक्की, म्हणून घेतलेली.

*वहिनीनं केला चहा साधा, दीर उभा दाराआड...*

आकारामाला त्या ओळी कुणाच्या आहेत आणि कशाबद्दल आहेत, काहीच माहीत नव्हतं. उतारावर तिरडी हेलकावत होती, ठेका कानावर पडला आणि त्याचं पाऊल आपोआप त्यात बसलं. मग त्याच्या भावाचं बसलं. मास्तरांनी पाऊल चुकवून बघितलं, तशी तिरडी एका बाजूला कलली आणि जोतीरामाचं डोकं त्यांच्या कानाला लागलं. “पाऊल सांबाळा, पावणं,” आकाराम पुढून म्हणाला. “सगळ्यांचं एक पडू द्या.”

मास्तरांनी पाऊल सांभाळलं. आतली पोरं मापतोलापर्यंत पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि उतार संपेपर्यंत ते त्याच ठेक्यावर चालत राहिले.